चिंताविकारावर उपचार: थेरपिस्ट कसा शोधायचा आणि उपचार तडीस कसे न्यायचे

छातीत धडधडतं, तळहातांना घाम येतो, श्वास पुरत नाहीसा वाटतो. डॉक्टर ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो. "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका" एवढं ऐकून माणूस घरी येतो आणि चार दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांचा दरवाजा ठोठावतो. आपल्याकडे चिंताविकाराचे कितीतरी पेशंट अशा फेऱ्यांमध्येच वर्षं घालवतात. हृदयाचे डॉक्टर होतात, पोटाचे होतात, चक्कर येते म्हणून कानाचे होतात. मध्येच कुणीतरी ग्रहशांत सुचवतं. मानसोपचाराचं नाव निघतं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही दबक्या आवाजात.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. चिंताविकार उपचारांना चांगला प्रतिसाद देतो, म्हणून हे जास्तच मनाला लागतं.

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. चिंता टाळाटाळीवर पोसली जाते. गर्दीत घाबरायला झालं म्हणून गर्दी टाळली की आज सुटका होते आणि उद्याची भीती वाढते. म्हणून चांगला थेरपिस्ट तुम्हाला धीर देऊन थांबत नाही. जे तुम्ही टाळता आहात तिथे तो तुम्हाला हळूहळू, तयारीनिशी परत नेतो. माणूस निवडताना आणि उपचार चालू आहेत की नाही हे ओळखताना हीच कसोटी वापरायची.

आधी शरीर तपासा, पण एकदाच

थायरॉइड जास्त चालत असेल तर धडधड, थरथर, घाम, झोप उडणं हे सगळं होतं. रक्त कमी असलं तरी धडधडतं. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला असेल, दम्याचा पंप वरचेवर घेतला जात असेल, दिवसाला सहा-सात कप चहा-कॉफी होत असेल किंवा रोजची दारू अचानक बंद केली असेल, तरीही तसंच वाटतं. त्यामुळे फॅमिली डॉक्टरांकडून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि गरज वाटली तर ईसीजी करून घ्या. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ते चिंतेवर ढकलू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

तपासण्या नीट आल्या की मात्र थांबा. "एकदा हृदयाची टूडी इको करूनच टाकू" हा विचार पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टने दोनच दिवस बरं वाटतं. रिपोर्टचा हा आधार घेत राहणं म्हणजे टाळाटाळीचाच एक प्रकार.

एक पान लिहून काढा

डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं विसरायला होतं, म्हणून हे पान आधीच लिहा. काय होतं, कधीपासून होतं, दिवसातून किती वेळा आणि किती वेळ होतं. झोप आणि भूक कशी आहे. घरात कुणाला असा त्रास होता का. सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यात आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीही लिहा. दारू-तंबाखू किती, हेही खरं खरं लिहा.

सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र वेगळाच आहे: या त्रासामुळे मी काय काय करायचं सोडलं? लिफ्ट सोडली, लग्नकार्याला जाणं सोडलं, मीटिंगमध्ये बोलणं सोडलं, एकट्याने घरी राहणं सोडलं. थेरपीची सुरुवात बहुधा या यादीतूनच होते.

जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची छोटी चाचणी आहे, ती मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञांना भेटावं, असं साधारण धरतात. तिच्यावरून निदान ठरत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरली की फरक पडतोय का ते कळतं. तारीख टाकून जपून ठेवा.

कोण काय करतं

इथे फार घोळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएस करून पुढे सायकियाट्रीत एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात. मनाच्या आजारावर गोळ्या लिहून देण्याचं रीतसर शिक्षण त्यांचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात, औषध देत नाहीत, पण मानसिक आजारांचं मूल्यमापन आणि थेरपी यांचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं असतं. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि त्यांना नोंदणी क्रमांक मिळतो. आरसीआयच्या वेबसाइटवर तो तपासता येतो, तसे डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत सापडतात.

समुपदेशक या शब्दाखाली मात्र सगळेच येतात. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. पाटीवर न जाता शिक्षण विचारा. लाइफ कोच, संमोहनाने एका बैठकीत भीती घालवणारे, मनःशांतीचं महागडं पॅकेज विकणारे यांच्यापासून चार हात लांब राहा. आणि ज्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नाही असं कुणी मानसिक आजाराची गोळी हातात ठेवत असेल, तर तिथून उठा.

आधी कुणाकडे जायचं? झोप पार उडाली असेल, वजन उतरत असेल, कामावर जाणं बंद पडलं असेल, दारूवर भागत असेल, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर त्रास सुरू झाला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. रोजचे व्यवहार कसेबसे का होईना चालू असतील, तर थेट थेरपीपासून सुरुवात करायला हरकत नाही.

जीव द्यावासा वाटत असेल तर या लेखातल्या पायऱ्यांसाठी थांबू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, धोका समोर असेल तर ११२ ला, किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. घरच्यांनी अशा माणसाला एकटं सोडू नये.

शोधायचं कुठे

काहीच सुचत नसेल तर पहिला फोन टेलि-मानसलाच. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. "माझ्या जिल्ह्यात कुठे जाऊ?" असा सरळ प्रश्न विचारा.

जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची ओपीडी असते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ससून, जेजे, नागपूरचं मेडिकल ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि मुंबईत पालिकेची केईएम, सायन, नायर ही वेगळ्या खात्यांची, तिथे केसपेपरचं थोडंफार शुल्क असतं. पण मानसोपचार विभाग मोठे आणि अनुभवी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही ओपीडी चालते. तिथे पाऊल ठेवलं की दाखल करून घेतात, ही भीती निराधार आहे. ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन माणसं घरी जातात.

माझ्या मावसभावाला घेऊन सिव्हिलला गेले होते, त्या अनुभवावरून थोडं सांगते. ओपीडीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा, मानसोपचाराची ओपीडी सगळीकडे रोज असेलच असं नाही. खिडकी उघडायच्या आधी पोचलात तर नंबर लवकर लागतो. आधार कार्ड आणि जुन्या रिपोर्टची फाइल बरोबर घ्या. खिडकीवर "कुठला विभाग?" असं मोठ्याने विचारतात आणि मागे रांग उभी असते, तेव्हा "मानसोपचार" म्हणताना जीभ अडखळते. आम्ही आधीच खोली नंबर काढून ठेवला होता आणि तोच सांगितला, काम झालं. डॉक्टरांना गर्दीत जेमतेम दहा मिनिटं मिळतात. ते लिहून नेलेलं पान तिथे फार उपयोगी पडलं: डॉक्टरांनी ते वाचलं आणि थेट मुद्द्यावर आले. सरकारी ठिकाणी औषधं नीट मिळतात, सविस्तर थेरपीला मात्र वेळ मिळेलच असं नाही. "इथे सायकॉलॉजिस्ट आहेत का, मला थेरपीही हवी आहे" हे आपणहून म्हणावं लागतं.

संस्थांमध्ये ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून मराठी माणसांत काम करते आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोन, ईमेलवरून समुपदेशन देणारी सेवा आहे. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, आणि संगात ही मानसिक आरोग्यात काम करणारी स्वयंसेवी संस्था आहे. संगातच्या लोकांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली: स्थानिक, नीट शिकवलेले, डॉक्टर नसलेले समुपदेशकही नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना बरं करायला हातभार लावू शकतात. तेव्हा गावात मोठ्या पदवीचा माणूस नाही म्हणून आशा सोडू नका.

खाजगीत फॅमिली डॉक्टरांना दोन-तीन नावं विचारा. ऑनलाइन थेरपीही चिंताविकारावर चांगली चालते, तालुक्याच्या ठिकाणी तर तोच सोपा मार्ग. अडचण घरातल्या आडोशाची असते. दोन खोल्यांच्या घरात बाहेर सासूबाई टीव्ही बघत असताना सासूबाईंबद्दल काय बोलणार? गच्ची, बंद गाडी, मैत्रिणीचं घर, ऑफिस सुटल्यावरची रिकामी खोली, असं काहीतरी आधी ठरवा. थेरपी मराठीतच घ्यायचा आग्रहही जरूर धरा. ऑफिसात इंग्रजी कितीही फाडफाड बोललं तरी "आतून कसंतरीच होतं" हे सांगायला आपलीच भाषा लागते. परदेशात राहणाऱ्यांनी एवढं बघावं की भारतातल्या थेरपिस्टला तिथल्या नियमांनुसार तुमच्यावर उपचार करता येतात का. अमेरिकेत तर हे राज्यागणिक बदलतं.

फोनवर काय विचारायचं

दोन-तीन जणांना फोन करा आणि भीड न बाळगता विचारा. "तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का?" "चिंताविकाराचे पेशंट बघता का, कोणती पद्धत वापरता?" "साधारण किती सेशन लागतील?" "फी किती, सवलत आहे का, रद्द केलं तर पैसे लागतात का?" "गोळ्यांची गरज वाटली तर कुणाकडे पाठवता?"

चांगलं उत्तर असं असतं: "आधी दोन भेटींत नीट समजून घेते, मग सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याच्या, पद्धतीने बारा ते सोळा सेशन करू, मध्ये घरी करायचा सराव असेल, पाच-सहा सेशननंतर फरक पडतोय का ते बघू." शिक्षणाबद्दल विचारल्यावर कुणी रागावलं, किंवा शंभर टक्के बरं करण्याची हमी दिली, किंवा वीस सेशनचे पैसे आगाऊ मागितले, तर दुसरा नंबर फिरवा.

पहिली भेट

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्नांतच जातो. डोळ्यांत पाणी येतं, त्यात वावगं काही नाही. घरचं कुणी बरोबर आलं असेल तर निम्मा वेळ तरी एकट्याने बोलायला मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असणं, कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद. तुमच्या ऑफिसला किंवा होणाऱ्या सासरला कुणी फोन करून सांगत नाही. उठण्याआधी दोन प्रश्न विचारा: मला नेमकं काय झालंय असं तुम्हाला वाटतं, आणि आता पुढे काय करायचं?

थेरपीत प्रत्यक्ष काय होतं

चिंताविकारावर सगळ्यात जास्त अभ्यासलेली थेरपी म्हणजे सीबीटी. तिचंच भावंड म्हणावी अशी अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. दोन्हींत विचार तपासले जातात. पण खरा बदल घडतो तो विचार तपासून झाल्यावर प्रत्यक्ष करून बघताना.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. कल्याणहून दादरला नोकरीला जाणारा माणूस. एकदा सकाळच्या फास्ट लोकलमध्ये त्याला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळलेल्या भीतीचा झटका, आला. मग त्याने फास्ट सोडून स्लो धरली, मग दाराशीच उभा राहू लागला, मग बायकोला डोंबिवलीपर्यंत बरोबर घेऊ लागला, शेवटी घरूनच काम मागून घेतलं. थेरपिस्ट त्याच्याबरोबर बसून एक शिडी आखतो. सगळ्यात खालची पायरी: दुपारी कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं नुसतं थांबायचं. मग दुपारच्या स्लो लोकलने ठाकुर्लीपर्यंत, एकच स्टेशन. मग ठाण्यापर्यंत. मग फास्टने ठाणे. मग दारापासून दूर, आत बसून. मग बायकोशिवाय. मग खिशातली गोळी आणि पाण्याची बाटली घरी ठेवून, कारण तो आधार बरोबर असला की मन म्हणतं, "बाटली होती म्हणून वाचलो." सगळ्यात वर सकाळची आठची फास्ट, थेट दादर.

प्रत्येक पायरीआधी तो वहीत लिहितो: "मी बेशुद्ध पडेन, शक्यता ८० टक्के." परत आल्यावर लिहितो: प्रत्यक्षात काय झालं? धडधड झाली, घाम आला, ठाकुर्ली आलं, तो पडला नाही. पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो आणि बेशुद्धी यायला तो घसरावा लागतो, त्यामुळे पॅनिकने माणूस क्वचितच कोसळतो. रक्त किंवा सुई बघून चक्कर येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना वेगळी युक्ती शिकवतात. ही माहिती पुस्तकात वाचून पटत नाही, ती लोकलमध्येच पटते. काही वेळा थेरपिस्ट खोलीतच जागच्या जागी पळायला लावतो किंवा स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतो, म्हणजे धडधड मुद्दाम आणून तिची ओळख करून घेता येते. दमा किंवा हृदयाचा आजार असेल तर हे आधी सांगा.

शिडीवर पाय ठेवला की सुरुवातीला त्रास वाढतो. याच टप्प्यावर, तिसऱ्या-चौथ्या सेशनला, लोक "थेरपीने जास्तच होतंय" म्हणून सोडून देतात. पायरी फार उंच वाटत असेल तर तसं सांगा, मधली पायरी काढता येते. पण न सांगता गायब होऊ नका.

घरच्यांसाठीही इथे काम आहे. "काही होत नाही गं" असं दिवसातून दहादा सांगणं आणि सगळीकडे सोबत जाणं प्रेमापोटी होतं, पण त्याने टाळाटाळ पक्की होते. एका सेशनला घरच्या माणसाला बोलवून किती आधार द्यायचा ते ठरवून घेतलेलं बरं.

गोळ्यांबद्दल स्पष्ट

एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्या चिंताविकारावर सहसा पहिल्यांदा देतात. त्यांची सवय लागून डोस वाढवत न्यावा लागत नाही. त्या कमी डोसने सुरू होतात आणि नीट परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, उलट थोडी जास्त बेचैनी होऊ शकते, ती बहुधा ओसरते. पंचविशीच्या आतल्या मुला-मुलींकडे या काळात घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं आणि जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर लगेच डॉक्टरांना कळवावं. कामेच्छा कमी होणं हाही परिणाम दिसतो. लाजेने कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतात. सांगा, त्यावर उपाय असतात.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, एटिझोलाम या गोळ्यांची जात वेगळी. अर्ध्या-एक तासात शांत वाटतं, म्हणूनच त्यांची सवय लागते. त्या थोड्या आठवड्यांपुरत्या, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायच्या. केमिस्टकडून जुन्या चिठ्ठीवर स्वतःच आणत राहू नका. दारूबरोबर तर अजिबात नको. महिनोन्महिने चालू असतील तर एकदम तोडूही नका, फिट येऊ शकते. डोस हळूहळू उतरवतात.

आपल्याकडे या दोन्ही जाती एकाच गोळीत घालून सर्रास विकल्या जातात. तुमच्या पाकिटावर एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम अशी दोन्ही नावं असतील, तर डॉक्टरांना विचारा: "यातलं क्लोनाझेपाम कधी थांबवायचं आणि कसं?" एकत्र गोळीत एक भाग तेवढा कमी करता येत नाही, म्हणून हा प्रश्न सुरुवातीलाच विचारलेला बरा. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देत असतील तर दमा आहे का ते आठवणीने सांगा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर चालू गोळी स्वतः बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बरं वाटायला लागल्यावरही गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. दोन महिन्यांत छान वाटलं म्हणून सोडली की त्रास परततो, आणि मग "या गोळ्या आयुष्यभर सुटत नाहीत" अशी समजूत पसरते.

पैसे आणि विमा

शहरात एका सेशनला हजार ते अडीच हजार लागणं सामान्य आहे, नामांकित ठिकाणी त्याहून जास्त. परवडत नसेल तर सवलतीचे दर विचारा, पंधरा दिवसांतून एकदा येऊन मधला सराव घरी करायची तयारी दाखवा, किंवा गोळ्या सरकारी रुग्णालयातून आणि थेरपी खाजगीत अशी विभागणी करा. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराइतकंच संरक्षण देणं भाग आहे. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, ओपीडीचं कलम वेगळं घेतलं नसेल तर सेशनची फी मिळत नाही. नवी पॉलिसी घेताना आजार लपवू नका, पुढे क्लेम अडकतो.

बदलायचं कधी, थांबायचं कधी

नियमित गेलात, घरचा सराव केलात आणि सहा-आठ सेशननंतरही काही हललं नाही, तर तसं थेरपिस्टला तोंडावर सांगा. चांगला माणूस दिशा बदलतो किंवा दुसऱ्याकडे पाठवतो. गोळीचंही तसंच: पुरेशा डोसवर सहा आठवडे झाले आणि फरक नसेल तर दुसरी गोळी आहे. मात्र जातीवरून, लग्नावरून, लैंगिकतेवरून टोमणे ऐकावे लागले किंवा नको तसा स्पर्श झाला, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. डॉक्टर असतील तर मेडिकल कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयकडे तक्रार करता येते, आणि स्पर्शाच्या बाबतीत पोलिसांकडेही.

दर आठवड्याला जाऊन पेपरातल्या बातम्या आणि नवऱ्याच्या तक्रारी बोलून परत येत असाल, बरं वाटत असेल, पण लिफ्ट अजून टाळत असाल, तर थेरपी अडली आहे. थेरपिस्ट गोड आहे म्हणून बदलायला जड जातं, तरीही हे बोला.

टाळलेल्या गोष्टींच्या यादीतल्या बहुतेकांवर काट मारून झाली की सेशन महिन्यावर, मग तीन महिन्यांवर नेतात. गोळी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू उतरते. परीक्षा, बाळंतपण, नोकरी जाणं अशा ताणाच्या वेळी त्रास पुन्हा डोकं वर काढू शकतो. दोन आठवड्यांच्या आत जुन्याच थेरपिस्टला फोन केलात तर बऱ्याचदा दोन-तीन सेशनमध्ये गाडी रुळावर येते. त्यासाठी फाइल फेकू नका. कुठली गोळी किती डोसला लागू पडली आणि कुठली सोसली नाही, एवढं पहिल्या कागदावर लिहून ठेवलंत, तर उद्या गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून चाचपडावं लागत नाही.